पंचवीस लाखांची ऑडी : स्वस्त कुठे झाली आणि कुठे झालीच नाही



शाळेच्या प्रश्नपेटीत दर महिन्याला ज्या चिठ्ठ्या पडतात त्यांपैकी एकीचे उत्तर या पानावर देण्याचा आमचा प्रघात आहे. या वेळची चिठ्ठी अशी होती : “सर, ऑडी क्यू थ्री २०१३ साली पंचवीस लाखांना होती. आता तीच सहा लाखांत मिळते. बेस मॉडेल म्हणजे काय? आणि डिझेल गाडी घ्यावी का?” खाली नाव नव्हते. पण दर आठवड्याला गणिताच्या वह्या तपासणाऱ्या माणसाला दहावीच्या मुलांचे अक्षर ओळखायला नाव लागत नाही.

चार दिवसांनी त्याच मुलाचे वडील आचार्यांच्या खोलीत आले. त्यांचे दोन टेम्पो आहेत. सुरतेतून कापडाचे ताके कडोदरा-पलसाणाकडच्या मिलमध्ये पोहोचवायचे, हा त्यांचा धंदा. बसल्याबसल्या म्हणाले, “सर, पोरगं मागे लागलंय. मोठीचा साखरपुडा धुळ्याला आहे. एक ऑडी बघून ठेवलीय, दिल्ली पासिंगची. निम्मे पैसे रोख, निम्मे हप्त्याने. तुम्ही विज्ञानवाले, जरा सांगा.” रोख रक्कम कोणती, असे आम्ही सहज विचारले. मुलाच्या दहावीनंतरच्या डिप्लोमासाठी बाजूला ठेवलेली होती.

म्हणून हा लेख थोडा लांबला आहे. आम्ही विज्ञानाचे पदवीधर, तेही हिंदी माध्यमाचे. ‘संपीडन-प्रज्वलन’ असे शब्द आम्हाला आधी आठवतात आणि त्यांचे मराठी नंतर सुचते. भाषेत काही उणे राहिले तर वाचकांनी सांभाळून घ्यावे, हिशोबात राहिले तर मात्र जरूर सांगावे.

प्रथम गाडीची ओळख. ऑडी कंपनी जर्मन असली तरी ही गाडी आपल्याला वाटते तितकी परकी नाही. औरंगाबाद, म्हणजे २०२३ पासूनचे छत्रपती संभाजीनगर, तिथल्या शेंद्रा औद्योगिक वसाहतीत स्कोडा कंपनीने २००१ साली मोटारी जोडायला सुरुवात केली. ऑडी त्याच समूहातली, त्यामुळे तिच्या गाड्याही काही वर्षांनी तिथेच जोडल्या जाऊ लागल्या. क्यू ३ ही गाडी भारतात २०१२ च्या जूनमध्ये आली ती पूर्ण तयार होऊन, जहाजाने. २०१३ पासून ती शेंद्र्याला जोडली जाऊ लागली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिची सर्वांत स्वस्त डिझेल आवृत्ती बाजारात आली, ‘क्यू ३ एस’. शोरूमची किंमत २४ लाख ९९ हजार रुपये. रस्ता-कर आणि विमा वेगळा. पंचवीसला एक हजार कमी ठेवण्यामागचा हेतू चपलांच्या दुकानातली ९९ रुपयांची पाटी वाचणाऱ्याला समजावून सांगायला नको.

एक गंमत जाता जाता सांगतो. ऑडीच्या गाड्यांवर ‘एस’ हे अक्षर एरवी जास्त ताकदीच्या, वेगवान गाडीची खूण असते. इथे ते सर्वांत साध्या गाडीला मिळाले. अक्षर तेच, अर्थ उलटा.

ही आवृत्ती स्वस्त कशामुळे झाली याची कारणे दोन जागी सापडतात : एक सरकारच्या कर-कोष्टकात आणि दुसरे गाडीच्या पोटात.

कराचे आधी. परदेशातून अख्खी गाडी आणली तर तिच्यावर आयातशुल्क जबर लागते. महागड्या गाड्यांवर ते २०१३ च्या अर्थसंकल्पात ७५ टक्क्यांवरून १०० टक्क्यांवर नेण्यात आले. तीच गाडी सुट्या भागांच्या पेट्यांतून आणून इथे जोडली तर शुल्क कितीतरी कमी. म्हणजे शेंद्र्याच्या कामगाराने बोल्ट आवळला की गाडीची किंमत काही लाखांनी उतरते. यात कंपनीचा फायदा आहे तसा रोजगाराचाही आहे, म्हणून सरकारने हा फरक मुद्दाम ठेवलेला आहे.

इथे ‘कॉम्पॅक्ट’ हा शब्दही समजून घ्या. क्यू ३ ची लांबी ४ हजार ३८५ मिलिमीटर. जर्मनीत ही आटोपशीर गाडी. आपल्याकडे मात्र २००६ च्या अर्थसंकल्पापासून ‘लहान गाडी’ची व्याख्या करापुरती ठरलेली आहे : लांबी चार मीटरच्या आत आणि डिझेल इंजिन १५०० सीसीपर्यंत. त्यामुळे त्यांची लहान गाडी आपल्या कर खात्यात मोठी ठरते. वर २०१३ साली चार मीटरहून लांब, १५०० सीसीहून मोठ्या आणि जमिनीपासून १७० मिलिमीटर वा त्याहून उंच गाड्यांना एसयूव्ही ठरवून त्यांचे अबकारी शुल्क २७ वरून ३० टक्के केले. पुढे जीएसटी आला, उपकर आला, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांना ४० टक्के व लहानांना १८ टक्के असा सुटसुटीत फरक झाला. वर्गात फूटपट्टी घेऊन बसणाऱ्या मुलांना आम्ही नेहमी सांगतो की मिलिमीटरला किंमत असते. इथे ती अक्षरशः लाखांत आहे.

आता गाडीच्या पोटात शिरू. बेस मॉडेल म्हणजे हलक्या मालाची गाडी, असा अनेकांचा समज असतो. तो बरोबर नाही. सांगाडा तोच, दारे तीच आणि इंजिनाचा मूळ ठोकळाही तोच, १९६८ सीसीचा. चारही चाकांना जोर देणाऱ्या महाग क्यू ३ मध्ये हे इंजिन १७७ अश्वशक्ती देत होते, ‘एस’ मध्ये १४०. एकाच आकाराच्या इंजिनात हवा दाबून भरणारा टर्बो आणि इंधन फवारणारी यंत्रणा वेगळ्या प्रमाणात बसवली व जुळवली की असा फरक पाडता येतो. जी गोष्ट खरोखर काढून घेतली ती म्हणजे चारही चाकांची चालना आणि आपोआप बदलणारे गिअर. ‘एस’ ला इंजिनाचा जोर फक्त पुढच्या दोन चाकांना जातो आणि गिअर हाताने टाकावे लागतात.

हे नुकसान किती मोठे? आमचे प्रामाणिक मत असे की आपल्या भागातल्या माणसाला जवळजवळ शून्य. चारही चाके फिरवणारी गाडी लागते बर्फात, वाळूत, चिखलाच्या चढावर. इथून बारडोली, व्यारा, सोनगढ, नवापूर करत कोंडाईबारीचा घाट चढून साक्रीमार्गे धुळ्याला जाणाऱ्या माणसाला पुढची दोन चाके पुरतात. त्याच घाटात भरलेले ट्रक मागच्या चाकांच्या जोरावरच चढतात की. उलट चार चाकांची चालना नसली की गाडी हलकी होते, इंधन वाचते आणि बिघडणारे सांधे कमी होतात. त्या काळात ज्यांनी नवी क्यू ३ एस घेतली त्यांना आम्ही नावे ठेवणार नाही. २५ लाख देऊ शकणाऱ्यासाठी ती कदाचित जास्त देऊन घ्यायच्या गाडीपेक्षा शहाणपणाची खरेदी होती.

अशा आवृत्त्या नेमक्या त्याच वर्षी का निघाल्या? मर्सिडीजची ए-क्लास मे २०१३ मध्ये आणि बीएमडब्ल्यूची वन सीरिज सप्टेंबर २०१३ मध्ये, अशा जर्मन कंपन्यांच्या तुलनेने स्वस्त गाड्या पाठोपाठ आल्या. त्यांना नवा गिऱ्हाईक दिसला होता, लहान शहरांतला. तो कुठे दिसला याचा एक पुरावा पुन्हा औरंगाबादचाच. ऑक्टोबर २०१० मध्ये तिथल्या मंडळींनी एकत्र येऊन एकाच वेळी १५० मर्सिडीज गाड्या घेतल्या. सुमारे ६५ कोटींचा सौदा, बँकेचे कर्ज ७ टक्क्यांच्या आसपास. ट्रॅक्टर घेणाऱ्या शेतकऱ्याला त्याच सुमारास याहून कितीतरी जास्त व्याज पडत होते, आणि वर्तमानपत्रांतून त्यावर बरीच टीकाही झाली. एका बाजूला मराठवाड्यातला माणूसही मुंबईवाल्याच्या बरोबरीने सौदा करू शकतो याचा अभिमान, दुसऱ्या बाजूला हा व्याजाचा फरक. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या होत्या.

आणि ती स्वस्त आवृत्ती डिझेलवरच का? याचे उत्तर पंपावर होते. २६ जून २०१० रोजी सरकारने पेट्रोलच्या दरावरचे नियंत्रण सोडले, डिझेलवरचे ठेवले. शेतकरी, ट्रक आणि एसटी यांच्यासाठी ते ठेवणे भाग होते. परिणाम असा झाला की मे २०१२ च्या अखेरीस दिल्लीत पेट्रोल लिटरला ७३ रुपये आणि डिझेल ४१. जो फरक बैलगाडी सोडून ट्रॅक्टर घेणाऱ्यासाठी राखला होता तो ऑडीवाल्याच्याही टाकीत ओतला जाऊ लागला. त्या काळात देशात विकल्या जाणाऱ्या निम्म्याहून अधिक प्रवासी गाड्या डिझेलच्या होत्या. जानेवारी २०१३ पासून डिझेल दरमहा साधारण ५० पैशांनी वाढवत नेले आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये त्याचेही नियंत्रण उठले.

दहावीच्या वर्गात आम्ही हे गणित फळ्यावर मांडले. समजा, एकाच गाडीची डिझेल आवृत्ती दीड लाखाने महाग आहे. पेट्रोल गाडी लिटरला १२ किलोमीटर जाते, डिझेल १६. २०१२ च्या दिल्लीच्या दराने पेट्रोलचा खर्च किलोमीटरला ६ रुपये ८ पैसे, डिझेलचा २ रुपये ५६ पैसे. किलोमीटरमागे बचत साडेतीन रुपये. दीड लाख वसूल व्हायला सुमारे ४३ हजार किलोमीटर. आता दर बदला : समजा पेट्रोल ९४ आणि डिझेल ९०. बचत उरते किलोमीटरला सव्वादोन रुपयांच्या आत, आणि दीड लाख वसूल व्हायला लागतात ६८ हजार किलोमीटर. रोज सुरत-मुंबई करणाऱ्याला ही मोठी गोष्ट नाही. पण जो माणूस वर्षाला सहा हजार किलोमीटर गाडी चालवणार, त्याची वर्षाची इंधनबचत जेमतेम १३ हजार रुपये.

एवढे कळल्यावर मुलांनी विचारले की डिझेल लिटरमागे जास्त का पळते. सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने दाबून दहा-वीस वेळा जोरात हवा भरा आणि पंपाच्या खालच्या टोकाला हात लावा. ते गरम लागते. हवा दाबली की तापते. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने हेच तत्त्व इंजिनात आणले. त्याचे यशस्वी इंजिन १८९७ साली आउग्सबुर्ग येथे चालले. पेट्रोलच्या इंजिनात हवा साधारण दहा-बारा पट दाबली जाते आणि ठिणगीने पेट घेते. डिझेलमध्ये ती पंधरा-अठरा पट दाबतात, तापमान पाचशे अंशांच्या वर जाते आणि फवारलेले इंधन ठिणगीशिवाय आपसूक पेटते. जास्त दाबल्यामुळे इंधनातली जास्त उष्णता कामी येते. शिवाय एक लिटर डिझेल एक लिटर पेट्रोलपेक्षा वजनाने थोडे भारी, म्हणून त्यात उष्णताही थोडी अधिक.

पण जास्त दाब आणि जास्त उष्णता यांची दुसरी बाजू आहे. हवेतला नायट्रोजन एरवी कुणाच्या अध्यात-मध्यात नसतो. इतक्या उष्णतेत तो ऑक्सिजनशी जोडला जातो आणि नायट्रोजनचे ऑक्साइड तयार होतात, जे फुप्फुसांना वाईट. शिवाय न जळलेल्या इंधनाची काजळी. कडोदरा चार रस्त्यावर संध्याकाळी पाच मिनिटे उभे राहिलेल्या माणसाला काजळीची व्याख्या सांगावी लागत नाही.

इथे आपल्या गावाचा एक बारकावा सांगण्यासारखा आहे. एप्रिल २०१० मध्ये भारत स्टेज ४ चे स्वच्छ इंधन देशातल्या निवडक शहरांत सुरू झाले, त्यांत सुरत होते आणि सोलापूरही. त्या डिझेलमध्ये गंधकाचे प्रमाण दहा लाख भागांत ५० पर्यंत. यादीबाहेरच्या भागांत स्टेज ३ चे डिझेल, गंधक ३५० पर्यंत. संपूर्ण देशाला स्टेज ४ मिळाले एप्रिल २०१७ मध्ये. म्हणजे मधली सात वर्षे सुरत शहरात एक डिझेल आणि नवापूरच्या पुढे दुसरे. नव्या धर्तीच्या नाजूक फवारणीच्या इंजिनांनी तेव्हा दोन्ही प्यायले. जुनी गाडी घेताना तिने तारुण्यात काय खाल्ले-प्यायले हे कुणी सांगत नाही, ते इंजिनालाच ठाऊक असते.

सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेत फोक्सवॅगन समूहाचे प्रकरण उघडकीस आले. त्यांच्या ‘ईए १८९’ या डिझेल इंजिनांतील संगणक-प्रणाली तपासणीच्या वेळी धूर कमी दाखवत होती आणि रस्त्यावर तो जास्त निघत होता. आपल्याकडे पुण्याच्या ‘एआरएआय’ संस्थेने रस्त्यावर चाचण्या घेतल्या, तेव्हा काही गाड्यांचे उत्सर्जन मर्यादेच्या १.१ ते २.६ पट आढळले. डिसेंबर २०१५ मध्ये समूहाने भारतातल्या सुमारे ३ लाख २३ हजार गाड्या प्रणाली सुधारण्यासाठी परत बोलावण्याचे जाहीर केले, त्यांत ऑडीच्या सुमारे ३६ हजार ५०० होत्या. आपण भारतातला नियम मोडलेला नाही, असे कंपनीचे म्हणणे होते. आम्ही हे सांगतो ते कुणाला दोष देण्यासाठी नाही. त्या काळातली या समूहाची डिझेल गाडी घेणाऱ्याने ही दुरुस्ती तिच्यावर झाली आहे की नाही हे चॅसिस क्रमांक देऊन अधिकृत सेवाकेंद्रात विचारले पाहिजे. फुकट कळते.

यानंतर एप्रिल २०२० मध्ये भारत स्टेज ६ लागू झाले. आता डिझेल गाडीला काजळी पकडणारी जाळी बसवणे भाग पडले. ती जाळी भरली की सुमारे सहाशे अंशांवर काजळी आतच जाळून साफ करावी लागते, आणि त्यासाठी गाडी मोकळ्या रस्त्यावर सलग पळावी लागते. चलथाण ते सुरत रोजच्या गर्दीत सरपटणाऱ्या गाडीला ती संधी कधी मिळणार? नायट्रोजनच्या ऑक्साइडसाठी अनेक गाड्यांत युरियाचे द्रावण फवारतात. आपण उसाला टाकतो तोच युरिया, फक्त अतिशुद्ध पाण्यात ३२.५ टक्के मिसळलेला. या सगळ्याचा खर्च मोठ्या गाडीला परवडतो, स्वस्त आवृत्तीला नाही. स्कोडा, फोक्सवॅगन आणि ऑडी या तिघांनी भारतात डिझेल गाड्या विकणेच थांबवले. नवी क्यू ३ ऑगस्ट २०२२ मध्ये आली ती फक्त पेट्रोलवर, पुन्हा चार चाकांच्या चालनेसह, आणि किंमत ४४ लाख ८९ हजारांपासून पुढे. पंचवीस लाखांच्या डिझेल ऑडीचा अध्याय तिथे मिटला. आता ती केवळ जुन्या बाजारात आहे.

आणि आता आपण त्या दिल्ली पासिंगच्या गाडीपाशी आलो.

ती इतकी स्वस्त का? पहिले कारण दिल्लीचे. राष्ट्रीय राजधानी परिसरात दहा वर्षांहून जुन्या डिझेल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये बंदीचा आदेश दिला, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले. २०२५ मध्ये न्यायालयाने त्यात काही सवलत दिली असली तरी मधल्या वर्षांत तिथल्या डिझेल गाड्या दुसऱ्या राज्यांत मिळेल त्या भावाला निघाल्या. दुसरे कारण, असे इंजिन असलेली गाडी आता नव्याने निघत नाही, त्यामुळे तिला पुढचा गिऱ्हाईक कमी. तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे, आणि शीर्षकात आम्ही तेच सुचवले आहे.

गाडीची किंमत वयाबरोबर उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. २०१४ च्या क्यू ३ चा पुढचा दिवा, टर्बो, इंधन फवारणारे इंजेक्टर हे आजही पंचवीस लाखांच्या गाडीचेच भाग आहेत. कामगाराची मजुरी, तेल, टायर, सगळे त्याच दर्जाचे. नवी असताना बेस मॉडेल घेऊन दोन-चार लाख वाचतात, पण सर्व्हिसच्या खिडकीवर ‘हे बेस मॉडेल आहे, थोडे कमी करा’ असे म्हणता येत नाही. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला ही म्हण मोटारीचा शोध लागण्याआधीची असावी, पण लागू मात्र पूर्ण पडते.

यात आमचा एक अनुभव आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही स्वतः एक जुनी डिझेल गाडी घेतली होती, कोणत्या कंपनीची ते महत्त्वाचे नाही. पुस्तिकेत टायमिंग बेल्ट बदलण्याचा मुक्काम लिहिलेला होता. विकणारा म्हणाला, बदललाय. पावती मागायला आम्हाला संकोच वाटला, कारण माणूस ओळखीचा होता. तो पट्टा भर रस्त्यात तुटला. पट्टा तुटला की डिझेल इंजिनात पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आपटतात, आणि दुरुस्ती पट्ट्याची न राहता इंजिनाची होते. गाडीला दिलेल्या रकमेचा जवळजवळ तिसरा भाग त्या एका दिवसात गेला. क्यू ३ च्या या इंजिनालाही असाच पट्टा आहे. संकोच न करता पावती मागावी.

टेम्पोवाल्या भाऊंना आम्ही कागदावर काही गोष्टी लिहून दिल्या. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, २०१४ च्या गाडीची २०२९ मध्ये संपेल. त्यानंतर तपासणी करून नूतनीकरण, आणि पंधरा वर्षांवरच्या मोटारीसाठी त्याची फी एप्रिल २०२२ मध्ये ६०० वरून ५ हजार रुपये झाली. दिल्लीहून आणलेल्या गाडीला तिथल्या परिवहन कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र हवे. इथे नव्याने कर भरून गुजरातचा नंबर घ्यावा लागेल. जुने कर्ज असेल तर बँकेने ते फिटल्याचे लिहून द्यायला हवे, आणि बाकी दंड असतील तर ते कुणाच्या माथी हे आधी ठरवावे. किलोमीटरचा काटा मागे फिरवता येतो, पण सेवाकेंद्राच्या नोंदी फिरवणे अवघड. म्हणून त्या नोंदी बघाव्यात. शेवटी, विकणाऱ्याच्या ओळखीचा नसलेला मिस्त्री सोबत न्यावा.

भाऊंनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, “सर, हे सगळं खरं. पण माणूस दारात कशातनं उतरला हे लोक बघतातच ना? आम्ही इथं आलो तेव्हा कारखान्यावर ऊस उतरवायचो.” या प्रश्नाचे उत्तर आमच्याजवळ तेव्हाही नव्हते. चलथाणचा साखर कारखाना, नंतर मिल, नंतर स्वतःचे टेम्पो, अशी आपल्या कित्येक घरांची वाटचाल आहे. त्या वाटेवर चालून आलेल्या माणसाला एक दिवस ऑडीतून उतरावेसे वाटले तर त्यात हसण्यासारखे काही नाही. आम्ही त्यांना एवढेच सुचवले की एका दिवसासाठी अशी गाडी चालकासह भाड्याने मिळते, आणि डिप्लोमाची फी मात्र एका दिवसासाठी भाड्याने मिळत नाही.

त्यांनी काय ठरवले ते आम्ही मुद्दाम विचारलेले नाही.

चिठ्ठी लिहिणारा विद्यार्थी मात्र परवा मधल्या सुट्टीत खोलीच्या दाराशी येऊन उभा राहिला. म्हणाला, “सर, तुमचं फळ्यावरचं गणित चुकलंय. दीड लाख जास्तीचे कर्जाने घेतले तर त्यावरचं व्याज तुम्ही धरलंच नाही.” वही पुढे केली. दहा टक्के दर, पाच वर्षे, महिना ३ हजार १८७ रुपये हप्ता, एकूण भरणा १ लाख ९१ हजार २२०. आता डिझेलचा जास्तीचा पैसा वसूल व्हायला ६८ हजार नव्हे, साडेशहाऐंशी हजार किलोमीटर लागतात. आम्ही पुन्हा करून पाहिले. त्याचे बरोबर आहे.